आखूड पत्त्याचे पाटणकर

पाटणकर साहेबांनी आयुष्यात एकच गोष्ट लांब ठेवली, ती म्हणजे स्वतःचं बोलणं. बाकी सगळं त्यांना आखूड लागे. सही आखूड, अर्ज आखूड, चहा अर्धा कप, आणि मिशी तर इतकी कातरलेली की ती आहे हे त्यांनाच सांगावं लागे. परवा आमच्या दूध संघाच्या ग्रुपवर कुणीतरी भलीमोठी लिंक टाकली. ती बोटानं वर सरकवता सरकवता मला ते आठवले आणि दिवसभर डोकं तापलेलं राहिलं. काही माणसं आठवली की बरं वाटतं. पाटणकर त्यातले नव्हेत.

ते आमच्या संघाचे संगणक विभागप्रमुख होते. विभाग म्हणजे ते स्वतः, एक एसी आणि त्या एसीखाली गुरगुरणारा सर्व्हर. मी प्रचार विभागात. म्हणजे कॅलेंडर छापून घेणे, मेळाव्याचे फ्लेक्स करणे आणि गावोगावच्या दूध संकलन केंद्रांच्या भिंती रंगवून घेणे. माझं टेबल त्यांच्या काचेच्या दाराला लागून होतं, त्यामुळे त्यांच्या एसीची थंडी आणि त्यांचं ज्ञान, दोन्ही माझ्यावर फुकटात यायचं.

आल्या आल्या त्यांनी पहिलं काम केलं ते ऑफिसातली नावं कापण्याचं. फायलींच्या खणांवर सगळ्यांची नावं नीट लिहिलेली होती. ती काढून त्यांनी एकेका अक्षराच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. डॉक्टर निमसेंच्या खणावर 'नि'. माझं आडनाव ढगे, तेव्हा माझ्या खणावर 'ढ'. सगळं ऑफिस पोट धरून हसलं. मी ती चिठ्ठी उपटून त्यांच्या टेबलावर ठेवली, तर शांतपणे म्हणाले, "मॅडम, एका अक्षरात काम होत असेल तर दुसरं अक्षर ही उधळपट्टी आहे." त्यांच्या स्वतःच्या दारावर मात्र 'हेमंत विनायक पाटणकर, संगणक विभागप्रमुख' अशी पितळी पाटी होती. तिच्यातलं एक अक्षर कमी करावं असं त्यांना नोकरीभरात वाटलं नाही.

बोलताना त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं सारखी कात्रीसारखी उघडमीट करायची. तुम्ही काही सांगायला लागलात की ती बोटं वर यायची. "मुद्दा," असं म्हणायची त्यांची पद्धत. तुम्ही मुद्द्यावर आलात की मग ते स्वतः सुरू व्हायचे आणि मुद्दा कुठल्या कुठे जायचा. ड्रायव्हर लोकांनी त्यांचं नाव 'आखूड साहेब' ठेवलं होतं. ते त्यांना कळलं तेव्हा रागावले नाहीत. 'साहेब' कशाला, नुसतं 'आखूड' चाललं असतं, असं म्हणाले. हे ते विनोदानं म्हणाले की मनापासून, याचा उलगडा मला अजून झालेला नाही.

त्यांचा आणि डॉक्टर निमसेंचा संबंध आला तो विकीमुळे. शैला निमसे आमच्या पशुवैद्यक. सगळ्या तालुक्यांतून त्यांना फोन यायचे आणि पंधरापैकी बारा फोन त्याच त्या चार आजारांचे. त्या जीपमधून एका गावी निघालेल्या असायच्या आणि दुसऱ्या गावातली गाय तोवर तडफडत असायची. डॉक्टर पोचेपर्यंत जनावर जगवायचं कसं, एवढंच लोकांना कळलं पाहिजे, असं त्या म्हणायच्या. म्हणून प्रवासात, केंद्रावरच्या बाकड्यावर, जेवणाच्या सुट्टीत त्यांनी मोबाईलवर एकेक पान लिहून काढलं. पोटफुगी, कासदाह, विषबाधा, अडलेली गाय. अगदी बोलल्यासारखं मराठी. पोटफुगीचं पान मी इतक्या वेळा वाचलंय की मला पाठ आहे. गाय बसू देऊ नका, चालवा. पुढचे पाय उंचवट्यावर घ्या. तोंडात आडवी काडी बांधा म्हणजे लाळ गळेल. मग गोडं तेल पाजा, पण हळू, घोट घोट. घाईनं ओतलं तर तेल फुप्फुसात जातं आणि पोटफुगीनं मरणार नव्हती ती गाय तेलानं मरते.

ही सगळी पानं एका विकीवर टाकायची ठरलं. विकी म्हणजे कुणालाही उघडून वाचता येईल आणि जाणत्याला सुधारता येईल असा माहितीकोश. तो आपल्याच सर्व्हरवर ठेवायचा हा हट्ट पाटणकरांचा. "दुसऱ्याच्या अंगणात आपली तुळस लावायची नाही," म्हणाले. हे मला तेव्हा पटलं, आत्ताही पटतं. माणूस बिनडोक असता तर हे सगळं लिहायची वेळच आली नसती.

पानं चढली, पण पत्ते भयंकर. त्याबद्दल त्यांनी संचालकांच्या बैठकीत जे केलं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. आमचे अध्यक्ष आबा, शेतकरी माणूस, बोलायला रोखठोक. पाटणकरांनी पोटफुगीच्या पानाचा पत्ता मोठ्या अक्षरात छापून त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "आबा, मोठ्यानं वाचा." आबांनी चष्मा लावला.

"संघाचं नाव... मंग तिरपी रेघ... डब्ल्यू... इंडेक्स डॉट पीएचपी... हे काय, प्रश्नचिन्न? टायटल... बरोबरचं चिन्न... टक्के ई झिरो टक्के ए फोर टक्के ए ए टक्के..." आबा थांबले. "पाटनकर, ही गाईची पोटफुगी हाय का माजी?"

सगळे हसले. पाटणकर हसले नाहीत. ते उभे राहिले आणि पत्ता या विषयावर जे बोलले ते संपेपर्यंत वडे गार झाले. पत्त्यात प्रश्नचिन्ह म्हणजे पाहुण्यानं दारात उभं राहून 'घर हेच का' विचारणं. पत्ता माणसाला तोंडी सांगता आला पाहिजे, फोनवर सांगता आला पाहिजे, भिंतीवर लिहिता आला पाहिजे. आणि एकदा लिहिलेला पत्ता बदलायचा नाही, कारण पत्ता हे वचन असतं. हे शेवटचं वाक्य त्यांनी बोटं मिटून, हात छातीवर ठेवून म्हटलं. मी ते ऐकलं. आबांनी ऐकलं. डॉक्टर निमसेंनी तर मान डोलावली.

डॉक्टरांनी विचारलं की नुसता क्यूआर कोड छापून चिकटवला तर? पाटणकरांनी असा चेहरा केला, जणू कुणी जेवणात झुरळ दाखवलं. "तो माणसाला वाचता येतो का? केंद्रावरची बाई फोनवर सुनेला तो सांगू शकेल का?" बरोबरच होतं ते. शिवाय केंद्रावरचा कागद दुधाच्या पाण्यानं आठवड्यात लोंबतो, तेही होतंच.

त्यांनी ते काम केलं, आणि चांगलं केलं. हे मी मान्य करते, नाहीतर माझ्या बोलण्याला काही किंमत राहणार नाही. सगळं इंडेक्स, प्रश्नचिन्ह वगैरे सर्व्हरच्या पोटात गेलं आणि वर राहिलं एवढंच: संघाचं नाव, तिरपी रेघ, विकी, तिरपी रेघ, पोटफुगी. ते करताना मला काचेतून हाक मारून त्यांनी समजावलंही. विकीचं सगळं सामान ज्या फोल्डरात आहे त्याचं नाव डब्ल्यू. लोकांना दिसणारा पत्ता विकी. लोक विकीवर येतात, सर्व्हर त्यांना आतल्या आत डब्ल्यूकडे घेऊन जातो. "लक्षात ठेवा मॅडम, खऱ्या खोलीचं नाव आणि बाहेरच्या पाटीचं नाव एक ठेवायचं नाही. एक ठेवलं की सर्व्हर पाटी बघत नाही, सरळ खोलीत घुसतो आणि म्हणतो, इथे पोटफुगी नावाची वस्तूच नाही. नवशिके हमखास इथेच आपटतात." नवशिके, असं म्हणाले.

मग मी भिंती रंगवून घेतल्या. आमचे शब्बीर पेंटर भिंगारचे, मिलिटरीच्या पाट्या रंगवून हात बसलेला. पांढऱ्या पट्टीवर निळ्या ऑईलपेंटनं पत्ता, वर एक गाय. काष्टीकडच्या केंद्रांवर, इकडे हिवरे बाजारच्या रस्त्यावर, जिथे दूध गोळा होतं तिथे सगळीकडे. बायका दूध घालायला आल्या की उभ्या उभ्या वाचायच्या. दोन-चार महिन्यांत पत्ता लोकांच्या तोंडी बसला. संघ, विकी, पोटफुगी. पोरं पाढा म्हटल्यासारखं म्हणायची. डॉक्टर निमसेंचे फोन कमी झाले आणि जे यायचे ते "मॅडम, चालिवलंय, पाय उंच घेतल्यात, काडी बांधलीय, तेल कंदी द्यायचं?" असे यायचे. त्या फोन ठेवून माझ्याकडे बघून हसायच्या. माझ्या नोकरीतलं ते सगळ्यात चांगलं वर्ष.

पण आखूडपणाची खाज अशी भागत नाही. याचा अंदाज मला खरं तर त्यांच्या वास्तुशांतीलाच यायला हवा होता. भिंगारला त्यांनी घर बांधलं. आमंत्रणपत्रिका सुंदर, जाड कागद, आणि पत्ता काय, तर 'पाटणकर, भिंगार'. बस्स. मी आणि डॉक्टर निमसे भेटवस्तू घेऊन बाजारपेठेतून दोनदा गेलो, दोनदा आलो. लष्करी छावणीच्या एका फाटकाशी जवानानं आम्हाला अडवून कुठे चाललात म्हणून विचारलं, तेव्हा निमसेंनी पत्रिका दाखवली. तो बिचारा पत्रिका उलटीसुलटी करून म्हणाला, "मॅडमजी, आगे का पता?" आगे का पता नव्हताच. भिंगारात पाटणकरांचं दुसरंही एक घर निघालं, आणि गुरुजी सरळ तिथे जाऊन बसले होते. त्या घरच्यांनी त्यांना चहा दिला, पोहे दिले, आणि मग कुणाची शांत करायची आहे ते विचारलं. मुहूर्त टळला. साहेबांची आई रडकुंडीला आली होती. आणि हे महाशय दारात उभे राहून प्रत्येक पाहुण्याला म्हणत होते, "पोचलात ना? मग झालं तर."

पोचलात ना. जे पोचले नाहीत ते सांगायला येत नाहीत, हे त्यांच्या डोक्यात कधी आलंच नाही.

त्यानंतर पुण्याला कसलीशी सहकारी संस्थांची संगणक बैठक झाली. तिथून आले ते गप्पगप्प. दोन दिवसांनी कळलं की तिथे कुठल्याशा दुसऱ्या संघाच्या माणसानं त्यांच्या विकीचा पत्ता पडद्यावर दाखवला होता आणि त्यात 'विकी'च्या जागी एकच अक्षर होतं. एकच. आमच्यात चार. म्हणजे रोमन लिपीत डब्ल्यू, आय, के, आय. पाटणकरांना ती तीन जास्तीची अक्षरं घशात काट्यासारखी रुतली. मला म्हणाले, "मॅडम, आपण जुने झालो." मी म्हटलं, "साहेब, लोकांच्या तोंडात बसलाय पत्ता. भिंतींवर आहे." बोटं वर आली. कात्री चालली. "विकीतलं आय, के, आय काढायचं. नुसता डब्ल्यू."

डब्ल्यू. सामानाच्या फोल्डरचं नाव डब्ल्यू, हे त्यांनीच मला सांगितलेलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण, अशी म्हण आपल्याकडे उगाच नाही. मी म्हटलं, "साहेब, खोलीचं नाव आणि पाटीचं नाव..." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू चुलीवरच्या भाकरीनंच चूल कशी पेटवावी ते सांगितलं. "ते बाहेरच्यांसाठी असतं मॅडम. आम्हाला आडवाटा माहीत असतात."

आधी भिंती, मग सर्व्हर, हा क्रमही त्यांचाच. शब्बीरभाईंना पुन्हा जीपमध्ये बसवलं. ते डबा हलवत मला म्हणाले, "ताई, ह्यो शेवटचा पत्ता हाय का अजून येनार हाय? आन जुना मिटवायचा का ठेवायचा?" मी साहेबांना विचारायला गेले. उत्तर असं: "मिटवा. दोन पत्ते राहिले की लोक जुनाच वापरतात. सर्व्हरवरचाही काढतोय मी. स्वच्छ." जुन्या पत्त्यावर आलेल्या माणसाला आपोआप नव्याकडे पाठवायची सोय असते. ती सोय म्हणजे सर्व्हरच्या एका फायलीत एखाद-दुसरी ओळ. ती ओळ यांना नको होती, कारण त्यानं म्हणे फाईल लांबते.

आठवडी बाजाराच्या आदल्या दिवशी दुपारी त्यांनी सर्व्हरवर बदल केला. नव्या पत्त्याचं पहिलं पान उघडून बघितलं. उघडलं. उघडणारच, ते डब्ल्यू फोल्डरचंच पान होतं, दारातच ठेवलेलं. आतलं एकही पान त्यांनी उघडून बघितलं नाही. पेढे मागवले, मलाही दिला. मी तो खाल्ला नाही, असं आता म्हणायला बरं वाटलं असतं, पण खाल्ला. मग ते पुण्याला बहिणीकडे गेले आणि ऑफिसाबाहेर फोन घ्यायचा नाही या आपल्या नियमाप्रमाणे त्यांनी फोन बंद केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी काष्टीकडच्या एका वस्तीवर मंदाबाई कवडेंची गाय फुगली. ओला लसूणघास खाऊन. घरातले पुरुष बाजाराला गेलेले, घरी मंदाबाई आणि सून. डॉक्टर निमसे दुसऱ्या टोकाला अडलेल्या गाईत हात घालून बसलेल्या, त्यांचा फोन जीपमध्ये. सुनेनं मोबाईलवर नवा पत्ता टाकला, केंद्राच्या भिंतीवर दोनच दिवसांपूर्वी लिहिलेला. 'पान सापडले नाही.' मग तोंडी बसलेला जुना टाकला. 'पान सापडले नाही.' पुन्हा नवा, पुन्हा जुना. शेवटी शेजारच्या मळ्यातला कुणीतरी धावत आला, तेलाची बाटली घेऊन, आणि भल्या मनानं त्यानं ती गाईच्या घशात एका दमात ओतली. गाय खोकली, गुडघ्यावर आली आणि थोड्या वेळानं गेली.

सोमवारी मंदाबाई दुधाच्या टेम्पोत बसून ऑफिसला आल्या. सून बरोबर. आधी कुणावर ओरडल्या नाहीत. माझ्या टेबलापाशी उभ्या राहून विचारलं, "भिंतीवर लिवतात ते साहेब कुटं बसत्यात?" मी काचेकडे हात केला. मी काचेच्या दारातच उभी राहिले.

त्यांनी सगळं सांगितलं. पाटणकर मध्ये बोलले नाहीत, एवढं खरं. मग त्यांनी सर्व्हर उघडला, दोन-तीन पानं बघितली आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. त्यांना कळलं होतं. मला वाटलं, आता हा माणूस काहीतरी माणसासारखं बोलेल. ते म्हणाले, "मावशी, तुम्ही टाकलेला पत्ता बरोबर होता. आतली एक व्यवस्था... म्हणजे बघा, खोलीचं नाव आणि पाटीचं नाव..." आणि त्या माणसानं, ज्या बाईची गाय मेली तिला, खोली आणि पाटी समजावून सांगायला सुरुवात केली. बोटं चालूच.

मंदाबाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "त्ये ऱ्हाऊ द्या. नवा न्हाई उघडला तर न्हाई. पर जुना का मोडला? त्यो तर चालत हुता."

"दोन पत्ते असले की लोक गोंधळतात, मावशी."

"आमी कुटं गोंधळलो, साहेब? आमाला तर योक बी घावला न्हाई."

सूनबाई तोंडाला पदर लावून रडायला लागली. "मी चार बारी टाकला, माजंच चुकलं आसंल," एवढंच ती म्हणत होती. मला तेव्हा त्या माणसाचा इतका संताप आला की हातातली कॅलेंडरं मी टेबलावर आपटली. त्या पोरीला वाटत होतं की तिचं चुकलंय. आणि तिचं नाही, माझं चुकलं, एवढे शब्द तोंडातून काढायला या गृहस्थाला जड जात होतं. इतर वेळी शब्दांची एवढी काटकसर करणाऱ्या माणसाजवळ नेमके हेच शब्द शिल्लक नव्हते.

डॉक्टर निमसे संध्याकाळी आल्या. कपड्यांवर त्या दिवशीच्या आणखी एका अडलेल्या गाईचं रक्त. ती गाय वाचली होती. त्या पाटणकरांच्या टेबलासमोर बसल्या आणि एकच गोष्ट म्हणाल्या, "जुना पत्ता चालू करा. माझ्यासमोर." त्यांनी केला. जुन्याकडून पानाकडे, नव्याकडूनही पानाकडे. मी घड्याळ बघितलं नाही, पण निमसेंनी मागवलेला चहा यायच्या आत झालं होतं. इतकं सोपं होतं ते. हे सोपं होतं, याचा मला जास्त राग आला.

आबांनी त्यांना बोलावून काय सांगितलं ते बाहेर आलं नाही. आबांनी मंदाबाईंना गाय दिली असंही बाहेर आलं, खरं-खोटं मला माहीत नाही. पाटणकर मात्र पुढे काही महिन्यांत पुण्याच्या मोठ्या संस्थेत लागले. असली माणसं पडत नाहीत, वर सरकतात. निरोप समारंभात त्यांनी भाषण केलं ते किती वेळ चाललं विचारू नका. 'पत्ता हे वचन असतं' हे त्यात पुन्हा आलं. टाळ्याही पडल्या.

जायच्या आधी त्यांना भिंतींचे फोटो हवे होते. नव्या नोकरीत दाखवायला. मी बरोबर जावं असं आबांनी सांगितलं म्हणून गेले, नाहीतर मी त्यांच्या जीपमध्ये बसले नसते. हिवरे बाजारच्या रस्त्यावरच्या भिंती झाल्या. प्रत्येक ठिकाणी ते उतरत, भिंतीसमोरची सायकल हलवायला सांगत, फोटो काढत, बघून मान हलवत. मी जीपमध्येच बसून राहायचे. दुपार कलल्यावर काष्टीकडे आलो, मंदाबाईंच्या केंद्रावर.

भिंतीवर पत्ता नव्हता. गायही नव्हती. सगळी भिंत चुन्यानं पांढरी करून तिच्यावर वरपासून खालपर्यंत निळ्या ऑईलपेंटनं पोटफुगीचं अख्खं पान लिहिलेलं होतं. अक्षर शब्बीरभाईंचं, लगेच ओळखू आलं. संघानं हे सांगितलेलं नव्हतं. केंद्रावरच्या बायकांनीच लिहून घेतलं होतं. गाय बसू देऊ नका. चालवा. पुढचे पाय उंचवट्यावर. तोंडात आडवी काडी. मी जीपमधून उतरले आणि उभी राहिले. खरं सांगते, मला रडू येत होतं.

पाटणकरांनी कॅमेरा खाली घेतला. भिंतीजवळ गेले आणि ओठ हलवत वरपासून वाचायला लागले. दूध घालायची वेळ होती, बायका रांगेत होत्या. त्यात मंदाबाई होत्या, किटली कमरेला धरून. त्यांनी साहेबांना ओळखलं. साहेबांनी त्यांना ओळखलं नाही.

शेवटच्या ओळीवर ते थांबले. मागे वळून रांगेकडे बघत, अगदी सौजन्यानं, मदत करतोय अशा सुरात म्हणाले, "छान आहे हो. फक्त इथे बघा. 'तेल हळू पाजा, हळू पाजा.' दोनदा आलंय. एक काढून टाका."

मंदाबाईंनी किटली खाली ठेवली.

"त्ये मी सांगून लिवून घेतलंय दोनदा," त्या म्हणाल्या. "ऱ्हाऊ द्या."